उजवा ब्लोअर

कोणती मोटर कुणीकडे फिरते याबाबत आमच्या अण्णांइतका संशयी माणूस बिदरपासून कलबुर्गीपर्यंत दुसरा सापडणार नाही. आणि अशा माणसाला स्वतःच्याच डोक्याचा संशय यायला लावला तो मी. हे आधीच सांगून टाकतो.

बिदरजवळच्या कोळारला माझं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. अण्णा तिथे कामाला होते म्हणण्यापेक्षा तिथेच असत. बायको गेल्यावर घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते मोटरींशी बोलत. नवी मोटर जोडली की क्षणभर चालू करून लगेच बंद करायचे. याला ते टिचकी म्हणत. मग थांबत आलेल्या चाकाकडे वाकून विचारायचे, "कुणीकडं निघालास रे बाबा?" उलटी निघाली की तीनपैकी दोन तारांची अदलाबदल आणि पुन्हा टिचकी. मोटरीवर छापलेल्या बाणावर त्यांचा विश्वास नव्हता. "बाण काढणाऱ्याचं जेवण झाल्तं का न्हाई, कुणाला ठावं?" त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहा यायच्या आत हे स्टुलावर चढलेले. "पंखा वारा वर फेकायलाय. छतावर कोण पाहुणे बसलेत का?" पंखा सुलटा झाला, लग्नही जमलं, आणि त्याचं श्रेय अण्णांनी पंख्याला दिलं. जत्रेतला आकाशपाळणाही उलटा फिरतोय म्हणून ते अडून बसले, पण तिथे त्यांचं काही चालेना. पाळणेवाला म्हणाला, "अण्णा, आधी बसा, मग उलटं फिरवून दाखवतो." हे ते स्वतःच हसत सगळ्यांना सांगत.

मग एका लग्नाच्या हॉलचं काम आलं. एसीची गार हवा हॉलमध्ये फेकणारे दोन ब्लोअर होते; डावा अण्णांनी जोडला, उजवा मी. मला घाई होती. या ब्लोअरची खोड अशी की उलटा फिरला तरी वारा समोरूनच येतो, फक्त जोर नसतो. मी जाळीला हात लावला, गार लागलं, निघालो. टिचकी दिली नाही. दुसऱ्या दिवशी नवरानवरी घामाने भिजली आणि आम्हाला बोलावणं आलं. उजवा ब्लोअर उलटा फिरतोय हे आम्हाला गेल्या गेल्या दिसलं. हॉलच्या मालकाने वऱ्हाडासमोर विचारलं, "हा कुणी जोडला?"

अण्णा वर बघत राहिले. "मीच असंल," ते म्हणाले. "टिचकी दिल्यागत वाटायलंय... पर ध्यान ऱ्हाईना झालंय आता."

हॉलचं वर्षभराचं काम हातून जाईल म्हणून मी गप्प बसलो.

त्यानंतर अण्णांनी मोटरीला हात लावला नाही. "उलटंसुलटं कळंना, कामून लोकांचा घोटाळा करू?" म्हणाले आणि चिंताकीला, आपल्या गावी, निघून गेले. दुकानात आता मोटर थांबली की काहीच ऐकू येत नाही. डबा उघडतो, दोन घास खातो, झाकून ठेवतो. कितीदा तरी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

परवा शेवटी चिंताकीला गेलो. दारातून जयभीम केलं. "शरणार्थी, ये बाबा," असा त्यांच्या लिंगायत रीतीचा नमस्कार करत अण्णांनी चटई टाकली, चहा केला. बसले, तोच उठून गॅस बंद आहे का बघून आले. चहाचा घोट घेतला आणि पुन्हा आत गेले. "काय करू रे," परत येत म्हणाले, "माझा मलाच भरवसा न्हाई. त्या हॉलपास्नं असंच व्हायलंय."

ते पुन्हा उठायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"बसा, अण्णा. गॅस बंद हाय. तो उजवा ब्लोअर मी जोडलो होतो. तुमचं ध्यान जागच्या जागी हाय. मला सगळं ठावं होतं, तरी तोंड शिवून बसलो. चुकलं माझं, अण्णा. माफ करा मला."