जड हाताची गिटार

आक्काचा हात जड. पंपदुरुस्तीच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाना फिरवलेल्या बाईचा हात काय मोरपीस असणार? तिनं आवळलेला बोल्ट सोडवायचा तर दोन माणसं लागतात, एक पाना धरायला आणि एक शिव्या द्यायला. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट एकदा पंपाच्या झाकणाखाली सापडलं, तेव्हापासून ते वाकत नाही. मूठ आवळली तरी आपलं ताठ, एकटंच बाहेर, घरच्यांशी भांडून दारात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.

या हातानं आक्का इलेक्ट्रिक गिटार वाजवते. वय छप्पन्न.

कशी वाजवते ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच झालं. आक्का उभ्यानं वाजवते, कारण जन्मभर काम उभ्यानंच केलं. उजव्या हाताचा अंगठा वरून खाली आदळायचा आणि वाजलेली तार लगेच तळव्यानं दाबून गप्प करायची. सूर लांबवणं, घोळवणं, त्याचे लाड करणं हा प्रकार नाही. धप्, गप्प. धप्, गप्प. वाकणाऱ्या बोटांत जेवढं बसतं तेवढं वाजवते, बसत नाही ते गाण्यातून काढून टाकते. ऐकणाऱ्यांचे पाय मात्र त्यांना न विचारता हलायला लागतात.

बँड चौघांचा. धाकटा भाऊ मास्तर. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, संध्याकाळी दुसरी गिटार वाजवतो आणि हुकूम अष्टौप्रहर सोडतो. गिटार त्याला आक्कानंच शिकवली होती, पण ते तो कधी सांगत नाही आणि ती कधी काढत नाही. त्याची बायको गाते. ड्रमवर एक बेकरीवाला, अंगानं तीन पोत्यांचा आणि बोलायला महिन्यातून एकदा. खालचे जाड सूर धरणारं पाचवं माणूस नाही, त्यामुळं गाण्याचा सगळा पाया आक्काच्या अंगठ्यावर.

चौदा वर्षं ती एका मैत्रिणीची गिटार वाजवत होती. मैत्रीण गाव सोडून लेकीकडं राहायला गेली, जाताना गिटारही घेऊन गेली. तिचीच होती, काय बोलणार? नेमकं त्याच महिन्यात मोठ्या हॉलच्या व्यवस्थापकबाईंचा निरोप आला. दर शनिवारी तिथं लोक नाचायला येतात, त्यांना कायमचा बँड हवा होता. आधी एकदा ऐकून ठरवणार होत्या.

मास्तरच्या अंगात आलं. म्हणाला, "सगळं पांढरं करायचं. कपडे पांढरे, ड्रम पांढरे, गिटारी पांढऱ्या. एकदम साफ दिसलं पाहिजे."

"दिसलं पाहिजे की ऐकू आलं पाहिजे?" आक्का म्हणाली.

"आक्का, जमाना बघ जरा."

आणि आक्का कामावर असताना तो तिच्यासाठी पांढरी गिटार घेऊनही आला. हलकी, चकचकीत, मान बारीक, तारा केसासारख्या आणि मानेला जवळजवळ चिकटलेल्या. ज्याची बोटं नाजूक, सरसर धावणारी, त्याच्या हातात ती सोनं झाली असती. आक्कानं अंगठा मारला आणि ती खडखडली. डाव्या बोटांनी तार दाबली तर हात जड म्हणून सूर जागेवर न राहता वर सरकला. बारीक तारेला जास्त दाबलं की ती बेसूर होते, त्यात तिचा तरी काय दोष?

तीन आठवडे सराव झाला. तीन आठवडे आक्का बेसूर वाजली.

"वन्सं, बरं नाही का तुम्हाला?" भावजयीनं विचारलं. विचारलं प्रेमानंच, पण लागायचं ते लागलं.

"ही गिटार माझी नाही," आक्का म्हणाली.

मास्तर हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?"

"तर मग इतकी वर्षं सरळ अंगणात नाचलीस, आता हात थकला म्हण. छप्पन्न म्हणजे काय सोळा नाही."

त्या वाक्यानं आक्काला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. कारण तिलाही वाटायला लागलं होतं की असेल बाबा, हातच गेला असेल. मग एका रविवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर टाकली, गिटार उताणी पाडली आणि कारखान्यात करते तेच केलं. माणसाला दोष द्यायच्या आधी मशीन उघडून बघायचं. गिटारीच्या डोक्याशी, तारांखाली एक बारीक झाकण होतं. ते काढलं तर आत नट! मानेतून आरपार लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला नट. आक्काला माहेर भेटल्यासारखं झालं.

आता खडखड म्हणजे काय, हे पंपाच्या माणसाला शिकवावं लागत नाही. खडखड म्हणजे नट ढिला. तिनं पाव फेरा आवळला. तारा जास्तच खडखडल्या. म्हणजे अजून ढिलाच! तिनं आणखी अर्धा फेरा आवळला, आणि कमी-जास्त नको म्हणून वर थोडा. मानेतून कट् असा आवाज आला. सळई तुटली, तारांच्या ओढीनं मान पुढं वाकली, तारा लाकडापासून उंच उठल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मास्तरनं ते बघितलं आणि डोक्याला हात लावला. पण बघता बघता त्याच्या तोंडावर जरा सुटका झाल्यासारखंही दिसलं, आणि ते आक्काच्या नजरेतून सुटलं नाही.

"राहू दे आता," तो म्हणाला. "शनिवारी हॉलमध्ये तुझ्या भागासाठी मी मशीन लावतो. रेकॉर्ड केलेला ताल असतो त्यात, बटण दाबलं की वाजतं. तू बाजूला खंजिरी धर. शोभून दिसशील."

"माझ्या जागी मशीन?"

"तात्पुरतं गं."

"धाकट्या, आजवर जेवढी मशिनं माझ्याकडं आली, ती सगळी बंद पडली म्हणूनच आली. तू मला मशीन सांगतोस?" एवढं बोलून आक्का उठली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती गिटारीच्या दुकानात गेली. एकटी.

दुकानातला विक्रेता केसांची शेपटी बांधलेला, बोलायला गोड. "या काकू. नातवासाठी बघताय का?"

"मला बघतेय. आणि काकू नको, उगाच नातं वाढतं."

"बरं, कुठल्या शैलीत वाजवता?"

"जोरात."

तो गोंधळला. मग खालून एक गुलाबी, चिमुकली गिटार काढून म्हणाला, "ही बायकांना फार आवडते. वजनच नाही."

"मला गिटार हवी, केसातली पिन नको. माणसाला विचार तरी आधी काय वाजवणार ते." आणि तिनं त्याच्या काउंटरवरच अंगठ्यानं ताल धरला. धप्, गप्प. धप्, गप्प. काचेखालच्या वस्तू नाचल्या. "हे असं. उभ्यानं. आणि हे बोट वाकत नाही. आता दाखव."

विक्रेत्यानं ते बोट बघितलं, काउंटर बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याचा गोड आवाज गेला. त्यानं एकामागून एक पाच गिटारी काढल्या. प्रत्येक वेळी तो वायर जोडायला धावायचा आणि प्रत्येक वेळी आक्का त्याचा हात धरायची.

"वीज नको. विजेनं सगळ्यांचाच आवाज मोठा होतो, खोटं बोलणाऱ्याचासुद्धा."

ती पट्टा गळ्यात घालून उभी राहायची आणि जबड्याचं हाड गिटारीच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर टेकवून अंगठा मारायची. कारखान्यात पंपाचं बेअरिंग असंच ऐकतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानामागच्या हाडावर, की आतलं दुखणं थेट डोक्यात ऐकू येतं. दुकानात सूर लावणारे दोन तरुण हातातलं काम सोडून बघत राहिले. बघू देत.

पहिली पोकळ वाजली. दुसरी खडखडली. तिसरी बरी होती, पण मान बारीक, आक्काच्या मुठीत हरवून गेली. चौथी-पाचवी तिनं नुसती तोलून परत दिली. मग विक्रेता काहीतरी ठरवून आत गेला आणि मागच्या भिंतीवरची एक तपकिरी घेऊन आला. रंग वाळक्या चिखलासारखा, कडेला ओरखडे, वजन पंपाच्या झाकणाएवढं.

"ही कुणी घेत नाही," तो म्हणाला. "मान जाड आहे, अंगानं जड आहे. पण तुमचा हात बघून वाटलं. हिच्यात तारांखाली दोन-दोन कॉइल जोडीनं आहेत, त्यामुळं आवाज भरदार येतो आणि गुणगुण होत नाही."

"म्हणजे एका कॉइलची घाण दुसरी मारते. उलटी गुंडाळलेली असणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मोटारी गुंडाळते मी."

तिनं हाड टेकवलं, अंगठा मारला. लाकूड घुमलं, तळवा ठेवताच गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा गप्प. सांगितलेलं ऐकणारी निघाली. जाड मानेवर तीन बोटं पसरून बसली आणि ताठ बोटाला शेजारी उभं राहायला जागाही उरली.

"जाड तारा चढव. आणि जरा वर उचल त्यांना."

"सगळे खाली करून मागतात."

"सगळ्यांचा हात हलका असेल. माझा नाही, आणि मला तो हलका करायचाही नाही." आक्का थांबली. मग उगाच दुसरीकडं बघत म्हणाली, "समजा, उद्या खडखडली, तर तो मानेतला नट…"

"सोडायचा. पाव फेरा."

"सोडायचा."

"तुम्ही आवळला होता?"

"तू तारा चढव."

शनिवारी दुपारी हॉलमध्ये व्यवस्थापकबाई हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन समोर खुर्चीत बसल्या होत्या. स्टेजवर सगळं दुधात न्हाल्यासारखं पांढरं. आक्काच्या जागेवर एका स्टुलावर ते मशीन आणि त्यावर व्यवस्थित ठेवलेली खंजिरी. आक्का आली ती कारखान्याच्याच निळ्या कपड्यांत, गळ्यात तपकिरी गिटार.

मास्तर दातांत बोलला, "आक्का, हा ओंडका घेऊन वर येऊ नको. लाज काढशील."

"लाज तुझी. मी माझी गिटार आणलीय."

तिथल्या स्पीकरला सॉकेट एकच होतं आणि त्यात मशीनची वायर होती. आक्कानं ती उपटली, मशीन स्टुलासकट बाजूला सरकवलं, खंजिरी भावजयीच्या हातात दिली आणि आपली वायर लावली.

मास्तरनं गिटार सावरली. मग त्यानं त्याच्या पद्धतीनं सूड घेतला. एक-दोन-तीन म्हणत गाणं दीडपट वेगात उचललं. त्या वेगात त्याची बोटं सुरेख धावतात. आक्काचा अंगठा धावणारच नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आक्का धावली नाही. तिनं दोन ठोके जाऊ दिले आणि आपल्या चालीनं अंगठा टाकला. धप्. जमिनीतून आल्यासारखा आवाज हॉलभर गेला आणि तळव्याखाली बंद झाला. पुन्हा धप्. आता स्टेजवर दोन गाणी एकाच वेळी चालली होती, एक पळतं आणि एक चालतं. भावजय तोंड उघडून नुसतीच उभी. बेकरीवाल्यानं एकदा मास्तरकडं बघितलं, एकदा आक्काच्या हाताकडं. आणि त्या तीन पोत्यांच्या माणसानं काठ्या आक्काच्या ठोक्यावर आणून आदळल्या. भावजयीनं श्वास भरला आणि त्याच चालीत गायला लागली. मास्तर चार ओळी एकटाच पुढं पळाला. मग मागं कुणी येत नाही म्हटल्यावर थांबला, मान खाली घालून गाण्यात परत आला. आल्यावर मात्र झकास वाजवलं त्यानं, खोटं कशाला बोला?

गाणं संपलं. व्यवस्थापकबाईंचा पाय अजून हलत होता. तो त्यांनी थांबवला.

"ठरलं. दर शनिवारी या," त्या म्हणाल्या. "फक्त ती गिटार तेवढी… बाकी सगळं इतकं छान पांढरं आहे."

"ही अशीच राहणार," आक्का म्हणाली. "आणि हिला वाजवणारीही. चालत असेल तर सांगा, नाहीतर वायर गुंडाळते."

मास्तरनं डोळे मिटून घेतले. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "दुसरं गाणं ऐकवा," त्या म्हणाल्या.

मास्तरनं डोळे उघडले. घसा खाकरला. "आक्का," तो हळूच म्हणाला, "उचलायचं कुणी?"

"मी," आक्का म्हणाली. बेकरीवाल्यानं तोपर्यंत काठ्या उचलल्याही होत्या.