एमस बर्केट धुक्यात चुकला म्हणे

एमस बर्केटच्या अंगाला शनिवारी कोल्ह्याच्या मुताचा वास यायचा, आणि आठवड्यातल्या नेमक्या त्याच दिवशी माणसं त्याच्याजवळ बसायची. बाकीचे दिवस तो स्वच्छ असायचा आणि एकटा.

वासाचं कारण साधं आहे. जिवंत कोल्ह्यामागे कुत्रे सोडायला सरकारनं बंदी घातली, तेव्हापासून इंग्लंडच्या उत्तरेकडे आमच्या रॅन्सडेलच्या शिकारी कुत्र्यांच्या ताफ्यापुढे एक माणूस चालतो. त्याच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला त्या घाण मुतात भिजवलेलं फडकं. ते डोंगरभर फरफटत न्यायचं. मग मागून कुत्रे सुटणार, फडक्याचा माग काढत भुंकत धावणार आणि त्यांच्यामागे धापा टाकत आम्ही. घोडेबिडे नाहीत हो आमच्यात. लाल कोटातले घोडेवाले खाली सपाटीवर. इथला चढ असा, की घोडा बघूनच मागे फिरेल. सगळं पायी, सगळे मेंढ्या पाळणारे, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांची बोंब.

तर तो फडकं ओढणारा माणूस म्हणजे एमस. साठी उलटलेला, काटक, बोलायला कंजूष. बायको नेटा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मेंढ्या सोडल्या तर बोलायला कोणी नाही, आणि मेंढ्यांशी बोलून बोलून माणूस किती बोलणार!

शनिवारी मात्र त्याला मान होता. कुठलं कुंपण कुठे फुटलंय, कुठल्या ओढ्याला कधी पाणी चढतं, सगळं त्याच्या पायांना पाठ. धुकं असो, बर्फ असो, तो सांगितलेल्या वाटेनं माग नेणार म्हणजे नेणार. माग संपतो तिथे पडक्या गोठ्याच्या आडोशाला बिस्किटांची पिशवी घेऊन बसायचं. कुत्रे येतील, त्यांना खाऊ घालायचा, पाठीवर थाप मारायची, असा रिवाज. आता खरं सांगायचं तर कुत्रे यायचे कधीमधी. बहुतेकदा अर्ध्या वाटेत त्यांना खऱ्या कोल्ह्याचा वास लागायचा, आणि मग फडक्याला कोण विचारतो! भुंकणं भलत्याच दरीत उतरायचं. त्यांना परत बोलवायची आमच्यातल्या कोणाला फारशी घाई असायची असंही नाही. आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. एमस वर बसून ते ऐकायचा, आणि सगळं शांत झालं की बिस्किटांची पिशवी तशीच उचलून खाली यायचा.

खाली पबमध्ये मटण-बटाट्याचा टेटी पॉट भट्टीतून निघालेला असायचा, वर काळं सॉसेज, बाजूला लाल कोबीचं लोणचं. शेकोटीजवळच्या बाकावरची कोपऱ्यातली जागा एमसची. तो दारात दिसला की आरडाओरडा व्हायचा.

"आला रे आला! खिडक्या उघडा!"

"एमस, लेका, कोल्हीण मागे लागेल एक दिवस तुझ्या. लग्नाची मागणी घालेल."

"घालू दे," एमस म्हणायचा. "तुझ्या बायकोपेक्षा गरीब असेल स्वभावानं."

आणि सगळे पोट धरून हसायचे, सरकून जागा करायचे. त्या जेवणावर तो पुढचा आठवडा काढायचा. त्याला दुसरं काही नको होतं.

नोव्हेंबरात घोळ झाला. धुक्याचा दिवस होता. कुत्र्यांनी एक कोल्हा उठवला, त्याला दरीभर पळवला आणि शेवटी डॅफ्नी क्रॉस्बीच्या परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली गाठून फाडला. बाई तेव्हा हातात ओल्या चादरी घेऊन उभ्या. डॅफ्नीबाई निवृत्त नर्स, लँकेस्टरहून येऊन आमच्यात राहिलेल्या, एमसच्या घराच्या खालच्या अंगाला. बाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन हिवाळ्यांपूर्वी एमसला छातीत कफ झाला तेव्हा रोज सूप घेऊन चढ चढून यायच्या. त्यांनी चादरी परत धुतल्या आणि शांतपणे पत्र लिहिलं.

नेमकं तेव्हाच सरकारनं काढलं होतं, की आता फडक्यावरची शिकारही बंद करायची, कारण फडकं हे निव्वळ सोंग आहे. देशभर वादाचा धुरळा. आमच्या गावात सभा ठरली. बंदी येईल तेव्हा येईल. पण ज्याच्या मालकीचे आमचे डोंगर, त्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला बाईंचं पत्र पोचलं होतं; तो सभेला येणार होता आणि या हिवाळ्यातल्या शिकारीची परवानगी त्याच्या हातात होती.

सभेच्या दिवशी सकाळी किट मॉसप एमसकडे आला. किट म्हणजे ताफ्याचा म्होरक्या. कुत्रे त्याच्या शिंगाच्या आवाजावर चालतात आणि माणसंही. तो आणि एमस शाळेत एका वर्गात होते.

"डॅफ्नीबाई आज विचारणार," किट म्हणाला. "माग माझ्या परसातून गेला होता का म्हणून."

"नव्हता," एमस म्हणाला. "पलीकडच्या उतारावरून नेला होता. तुला माहितीये."

"मला माहितीये रे. पण नव्हता म्हटलं की कुत्रे खऱ्या कोल्ह्यामागे होते असा अर्थ होतो. संपलंच मग." किटनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू एवढंच म्हण, की धुकं होतं, चुकलास, फडकं त्यांच्या कुंपणाला लागून गेलं. मधेच एक कोल्हा आडवा आला, नशीब त्याचं."

"मी? चुकलो?"

"एक वाक्य, एमस."

"अरे पण मी त्या डोंगरावर चुकलो म्हटलं तर शेंबडं पोरसुद्धा हसेल!"

"हसू दे ना. आपल्यातल्या कुणाला खरं वाटणार आहे का? आपल्याला काय ते ठाऊक आहे." मग किट उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, "नाहीतर शनिवार बंद, गड्या. जेवण बंद. बघ बाबा."

किटला एमसचं दुखरं ठिकाण बरोब्बर ठाऊक होतं, आणि त्यानं तिथेच बोट ठेवलं. मला आजही किटचा राग येतो तो याचसाठी.

सभेला हॉल भरला होता. इकडचे म्हणाले, आमच्या पणजोबांपासून चालत आलंय, तुम्ही शहरातले आम्हाला काय शिकवता. तिकडचे म्हणाले, हा क्रूरपणा आहे आणि वर लबाडी. एकानं मेलेल्या कोल्ह्याचा फोटो आणला होता, एकानं कोल्ह्यानं मारलेल्या कोकराचा. दोघांनाही समोरच्या बाजूचा फोटो बघायचा नव्हता. मग डॅफ्नीबाई उभ्या राहिल्या.

"मला भाषण करायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त एमसला विचारायचंय. ते सांगतील ते मी मानीन. एमस, त्या दिवशी माग माझ्या परसाजवळून गेला होता का?"

सगळ्या माना वळल्या. एमसनं आधी किटकडे पाहिलं. किट बुटांकडे बघत होता. मग तो बाईंकडे बघायला गेला, ते काही जमलं नाही.

"धुकं होतं," तो म्हणाला. "मी चुकलो. माझ्यामुळे झालं, बाई. माफ करा."

बाईंचा चेहरा निवळला. "इतकंच ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "आभारी आहे." आणि खाली बसल्या. कारभाऱ्यानं काहीतरी टिपून घेतलं.

त्या संध्याकाळी पबमध्ये एमसला एक पैसा खर्चू दिला नाही कुणी. "एमसला होकायंत्र घ्या रे!" "अरे, त्याला बाथरूमची वाट दाखवा, नाहीतर जाईल स्कॉटलंडला!" पाठीवर इतक्या थापा पडल्या की बिअर सांडली. तो हसला सगळ्यांबरोबर. पण घरी जाताना त्याला एकाएकी नेटाची आठवण आली. ती असती तर म्हणाली असती, मूर्खा, तुझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, तीही देऊन आलास? आणि तो रस्त्यातच थांबून थोडा वेळ रडला.

दोन दिवसांनी किट पुन्हा आला. या वेळी बसला नाही.

"परवानगी मिळाली," तो म्हणाला. "बाईंनी तक्रार मागे घेतली."

"बरं झालं."

"फक्त एक अट आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं परत माग न्यायचा नाही, असं कारभाऱ्याचं म्हणणं."

एमसला आधी कळलंच नाही. "कुणाच्या हातून?"

किट टोपी हातात फिरवायला लागला.

"अरे किट, तूच सांगितलंस ना मला!"

"मी काय करू? त्याला थोडंच सांगता येतं, की बाबा, तो चुकलाच नव्हता? जावई नेईल माझा. आणि तू जेवायला येत जा ना, तुला कोण नको म्हणतंय?"

गेला तो शनिवारी जेवायला. कुणी नको म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण कोपऱ्यातल्या जागेवर किटचा जावई ग्लेन बसला होता, वासानं दरवळत, आणि खिडक्यांचा विनोद त्याच्यावर चालला होता. तीनचाकी-चारचाकी काय ती गाडी घेऊन त्यानं दोन शेतं फडकं ओढलं होतं आणि बाकी वेळ गाडीत चहा पीत काढला होता. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. कुत्रे खऱ्या कोल्ह्यामागे गेले, सगळ्यांचा दिवस मजेत गेला. एमसला दाराजवळ खुर्ची मिळाली. शेजारच्यानं विचारलं, "काय, बरंय ना?" आणि पाठ फिरवून गप्पांत रमला. एमसच्या अंगाला वास नव्हता, त्यामुळे थट्टा करायलाही काही नव्हतं. थाळी अर्धी टाकून तो उठला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, पुढचं सगळं मला नंतर डॅफ्नीबाईंनी सांगितलं.

तिथून तो सरळ त्यांच्याकडे गेला. चार वाजून गेले होते, डिसेंबरातला उजेड तो केवढा, आणि दरीतून धुकं वर चढत होतं. बाईंनी दार उघडलं, त्याला आत घेतलं, चहा ठेवला.

"मी ऐकलं, तुम्हाला काढलं म्हणून," त्या म्हणाल्या. "मला फार वाईट वाटलं, एमस. एक माणूस सरळ चूक कबूल करतो आणि त्यालाच शिक्षा!"

"बाई, मी चुकलो नव्हतो."

त्यांनी कप खाली ठेवला.

"माग पलीकडच्या उतारावर होता. तुमच्या परसाच्या आसपासही नव्हता. कुत्रे खऱ्या कोल्ह्यामागे होते. नेहमीच असतात. मी वर बसून वाट बघतो आणि ते येत नाहीत." इतकं लांबलचक तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. "मी खोटं बोललो."

"का?"

"शनिवारी जेवायला मला दुसरं कुणी नाही म्हणून."

बाई त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही फार दुखावले गेला आहात. दिसतंय मला."

"दुखावलोय, पण—"

"सभेत तुम्ही माफी मागितलीत ना, त्याच्यावर मी पत्र मागे घेतलं. आणि आज त्यांनी तुम्हाला काढल्यावर तुम्ही उलटं सांगताय. रागाच्या भरात माणूस बोलतो. मी हे कुणाला सांगणार नाही."

"बाई, मला तो डोंगर डोळे मिटून ठाऊक आहे!"

"हो, हो," त्या म्हणाल्या. आजाऱ्याला म्हणतात तशा. वाईट हेतू काडीचा नव्हता त्यांचा. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, उठल्या, खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि टॉर्च शोधायला लागल्या.

"कुठे निघालात?" एमसनं विचारलं.

"धुकं वाढतंय. तुम्हाला घरापर्यंत सोडून येते."

बाई पुढे, टॉर्चचा उजेड मागे त्याच्या पायांवर धरून, आणि एमस त्यांच्यामागे, असे ते चढाला लागले. ती पायवाट त्यानंच नेटासाठी एकेक दगड लावून बांधली होती.

"इथे पायरी आहे हं," बाई म्हणाल्या. "जपून."

"हो," एमस म्हणाला, आणि जपून पाय टाकला.