वाणात दिलेली मातीची झाडं

त्या महिन्यात मी घरात कोंडलेली होते. 'थोडी विश्रांती' हा आईचा शब्द. रस्त्यावर पत्रकं वाटताना पोलिसांनी चौकीत नेऊन बसवलं, तेव्हा बाबा सोडवायला आले आणि 'मुलगी महिनाभर घराबाहेर पडणार नाही' असं त्यांना कबूल करून बसले. मला न विचारता! म्हणून समा भागातल्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, मी मातीची झाडं करत बसले होते.

आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मातीची सक्युलंट, म्हणजे जाड पानांची शोभेची रोपं, द्यायची होती. आपोआप सुकून घट्ट होणाऱ्या मातीची छोटी गोळी घ्यायची, चिमटीत दाबून जाडसर पान करायचं, अशी वीसेक पानं आतून बाहेर चिकटवत जायची.

"पाणी नको, ऊन नको. ठेवू तिथे बसतं," आई कौतुकाने म्हणाली.

"मग मुलगीही मातीचीच करायचीस."

ती हसली नाही.

खाली फाटकाजवळचे तीन कडुनिंब गाड्या लावायला जागा हवी म्हणून तोडायचे ठरले होते. छत्तीस घरांपैकी अठरांच्या सह्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळपर्यंत आणल्या तर थांबवू, असं चेअरमन म्हणाले होते. मला खाली जायची बंदी होती, पण बायका तर वर येणार होत्या.

"आज भाषण नाही हं," आईने बजावलं. "सवाष्णी येताहेत, मोर्चा नाही."

म्हणून सह्यांच्या कागदाचा वरचा मजकूर मी मागे दुमडला आणि कागद वाणाच्या तबकाशेजारी पेनासकट ठेवला. मागणी ठळक छापा म्हणून सगळ्यांशी भांडणारी मी! आईची पाठ वळली की एकेकीच्या कानात सांगणार होते. ती वळलीच नाही. मी तिळगूळ वाटत राहिले.

कागद मात्र भरत गेला. सगळ्या गेल्यावर वाचला. एकोणीस नावं. पुढे लिहिलेलं: 'दोन, जांभळी.' 'एक लहान, टीव्हीजवळ ठेवायला.' त्यांना ती ऑर्डरची यादी वाटली होती.

रंगांची बाजू कापून टाकायला मी कात्री उचलली. खोट्या सह्यांविरुद्ध मीच एकदा पत्रक लिहिलं होतं. कात्री ठेवली, कागदाची घडी उलगडली आणि बाबा पेपरात डोकं घालून बसलेले असताना दार ओढून निघाले.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेननी मजकूर वाचला. "अरे बेटा, पण अमारी गाडी त्यां ज मूकवानी छे!" त्यांची गाडी त्याच जागी लागणार होती. त्यांनी स्वतःचं नाव खोडलं आणि लगेच म्हणाल्या, "पण मारां बे राखजे हं, जांबली."

शेजारच्या काकूंनीही खोडलं. तिसरीने "ह्यांना विचारून सांगते" म्हणून दार लावलं. वळले तर बाबा वरच्या पायरीवर उभे.

"बाहेर?"

"जिन्यात आहे."

"जिना म्हणजे बाहेरच. मी शब्द दिलाय."

त्या शब्दाला माझी सही लागली नव्हती. हे त्यांना तिथेच ऐकवायला हवं होतं. मी वर गेले.

सकाळी खाली करवत सुरू झाली. मी जांभळ्या झाडाची पानं चिकटवत होते. आईने उठून खिडकी घट्ट लावली. म्हणाली, "भुसा उडतोय. ओल्या मातीला चिकटेल."