आईच्या ताटातली फुलगोबी

गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता, नागपुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या वडिलांनी माझ्या आईच्या उजव्या हातावर उकळता रस्सा ओतला. हे वाक्य मी सर्वांत आधी लिहिते आहे, कारण एकदा ते माझ्याकडून लिहायचं राहून गेलं आहे.

त्या दिवशी रामटेकजवळच्या आमच्या वावरातून नव्या तांदळाचं पोतं आलं होतं आणि त्याचा दुधाळ, किंचित ओलसर गंध हिवाळ्याच्या उतरत्या उन्हासारखा घरभर पसरला होता. आईला शुगर. डॉक्टरांनी भात तोडला, तेव्हापासून जन्मभर भातावर वाढलेली ही बाई ताटासमोर पाहुण्यासारखी बसायची. म्हणून मी फुलगोबी किसली. किसणीखाली तो पांढरा, दाणेदार चुरा साचत गेला, आणि जिऱ्या-लसणावर पाच मिनिटं, झाकण न ठेवता परतला तसा मोकळा, भातासारखा झाला. दुसऱ्या शेगडीवर भाजल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण तेलात तडतडलं, टमाटर विरघळले, वाटाणे पडले, तिखटाचा ठसका डोळ्यांत गेला, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, पडला. अर्ध्या तासात सगळं तयार.

नवा तांदूळ आला की पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं तोच खायचा, ही आमच्याकडची रीत. बाबांच्या ताटात तोच होता. आईच्या ताटात मी गोबी वाढली.

"हे काय होय?" बाबांनी तिच्या ताटाकडे पाहून विचारलं.

"गोबी आहे जी. पोरीनं केली."

"माह्या वावराचा तांदूळ तुले जहर वाटते का?"

"तसं नाही जी, शुगर..."

त्यांनी उठून शेगडीवरची रश्शाची कढई उचलली. तेलाचा लाल तवंग तिच्या मनगटावरून बांगड्यांखाली शिरला, कातडी पांढरी पडली, मग फुगली, आणि ती ओरडली नाही. तोंडात पदर कोंबून खाली बसली. मी, चौकाचौकांत घरातल्या मारहाणीविरुद्ध पत्रकं वाटणारी, ओट्याला टेकून उभी राहिले. कुठलीही घोषणा आठवली नाही.

दवाखान्याच्या वाटेवर, ऑटोत, आई म्हणाली, "हात सरकला म्हणजो वं." आणि मी केसपेपरवर तेच लिहायला लावलं. बाबा त्या कागदात कुठंच नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुंदाकाकू आल्या. आईच्या हातावरच्या पट्टीकडे पाहून त्यांनी मला विचारलं, "काय केलं होतं वं जेवायले?"

"गोबी," मी म्हणाले.

"मंग? नव्या तांदळाच्या दिवशी गोबी करते का कोणी?"

मला संताप आला, आणि त्याहून अधिक लाज. कारण रात्रभर मीही स्वतःला हेच विचारत होते, की त्या दिवशी साधा भात का नाही लावला. काकूंचा प्रश्न माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखा होता. तेवढ्यात आई, पट्टीवरची नजर न उचलता, अगदी सावकाश म्हणाली, "तिनं काहून करू नये? माह्यासाठी केलं तिनं. ओतलं तिच्या बाबानं."

मी चपला घातल्या. आईही उठली. आम्ही दोघी पुन्हा दवाखान्यात गेलो आणि तो कागद बदलून घेतला. पुढं काय होईल, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. घरी बाबा आहेत, पोत्यात तांदूळ आहे.

आता तुमचं काम सांगते. भाजलेल्या हाताची बाई दिसली, की तिनं काय रांधलं होतं ते विचारू नका. कुणी भाजलं, ते विचारा. आणि तिनं नाव घेतलं, तर ते कागदावर उतरेपर्यंत तिच्या शेजारून उठू नका.