आलापल्लीच्या लिलावातलं आमचं हॉटेल

आमचा धंदा मासोळीचा. पोंभुर्ण्याकडच्या गावात आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळं टाकलं, गावच्या जमीनदाराला, म्हणजे मालगुजाराला, वाटा दिला आणि उरल्यात पोट भरलं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला आणि त्यातल्या मासोळीचा लिलाव निघाला. बोली बाहेरच्या ठेकेदाराची लागली. ज्या पाण्यात बाबा पोहायला शिकले, त्याच्या बांधावर पाय ठेवला तरी ठेकेदाराचा माणूस शिवी हासडायचा. त्या वर्षी घरच्यांनी मोहफुलं उकडून खाल्ली. मी नागपूरला कॉलेजात होतो. माझ्याआधी आमच्या घरात कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. ही गोष्ट मी तेव्हाही लपवली नाही, आजही लपवत नाही.

मावशीचा नवरा आलापल्लीच्या लाकूड-डेपोत हमाल होता. त्याच्या भरवशावर आईबाबा तिकडे गेले. सागवानाच्या लिलावाला नागपूर-रायपूरचे, पार तेलंगणातले व्यापारी यायचे आणि आठ-आठ दिवस मुक्काम ठोकायचे. त्यांच्यासाठी मोटार थांबायची तिथे एकच हॉटेल होतं.

त्या हॉटेलची आठवण झाली की अजून घास वर येतो. सकाळी भरलेल्या एका बादलीत संध्याकाळपर्यंत कपबशा बुचकळायच्या. दुपारनंतर त्या पाण्यावर साय धरायची. मालक बसल्या जागी पायाची खरूज खाजवायचा आणि त्याच हाताने शेव-चिवडा पुड्यांत भरायचा. मागच्या खोलीतल्या खाटा अशा, की रात्री माणूस निजायचा आणि सकाळी ढेकणांनी सोडला तेवढा उठायचा. तरी लिलावाच्या दिवसांत तिथे जागा मिळायची नाही. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, मोटार बंद झाली, की तिथे माशा तेवढ्या उरत. कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकत होतो. मागणी आहे आणि चांगला माल नाही, म्हणजे इथे दुसरं हॉटेल चालणारच, असं मी बाबांना पत्रात लिहिलं. पत्र मावशीच्या नवऱ्याने कोणाकडून तरी वाचून घेतलं.

उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो तर बांबूचा मांडव उभा होता. दोन बाकडी, चार खाटा, मातीची चूल. बाबा पहाटे अहेरीच्या घाटावर प्राणहितेची मासोळी घ्यायला जायचे, आई रांधायची. माझं पुढचं वर्ष त्या एका हंगामावर होतं. हॉटेल चाललं तर फी, नाही तर डेपोत ओंडके ढकलायचे. मुकादमाने माझ्या खांद्याकडे बघून जागा राखूनही ठेवली होती.

आईच्या हातच्या मासोळीला दोन दिवसांत गर्दी झाली. तिसऱ्या दिवशी मला कळलं की आई मासोळीच्या तुकड्याचेच पैसे घेते. भात फुकट.

"माय, भाताचे काऊन नाई घेत?"

"शिजलेला भात इकाचा नसते, बाप्पा. आपल्यात कोनी इकला का आजवर?"

"हे हॉटेल हाये, माय."

"असन. मासोळी आपला धंदा हाये, तिचे घेतो. भात ताटात पडला का तो जेवनाऱ्याचा झाला. तू शिकून राह्यला, शिक. मले नोको शिकवू."

आमच्या लोकांत हे असंच होतं. तांदूळ विकतील, मासोळी विकतील. रांधलेल्या भाताचे पैसे मागणं म्हणजे उपाशी माणसाकडे हात पसरणं. गावात ही रीत शोभून दिसते. तिथे जेवायला येणाऱ्यालाही लाज असते.

इथे आले ते निर्लज्ज होते. तिघांत मिळून मासोळीचा एक तुकडा घ्यायचा आणि भाताचा डोंगर उपसायचा. बोटं चाटायची, ओले हात खाटेच्या सुताला पुसायचे, पानाची पिंक चुलीशेजारी टाकायची. "बाई, रस्सा वाढ थोडा, तुकडा नोको." तांदळाचं पोतं दिसेल असं खाली जाऊ लागलं. पलीकडचा खरूजवाला येऊन बाबांना म्हणाला, "काय भाऊ, अन्नछत्र घातलं का? पुन्याचं काम हाये. तुमच्या पोराले बी इथीच जेवाले ठेवा, कॉलेजात काऊन धाडता?" मला त्या माणसापेक्षा तो खरं बोलला याची जास्त चीड आली.

त्या सगळ्यांत एक जाडा व्यापारी होता. रोज एक तुकडा आणि चार वेळा भात. सोबत शिकारी कुत्रा. एका दुपारी त्याने पाचव्यांदा भात मागितला, आईने वाढला, आणि त्याने ते ताट खाली ठेवून कुत्र्यासमोर सरकवलं. कुत्रा भात खात होता आणि हा हसत होता. "फुकटच हाये ना बाई, त्याले बी पुन्य भेटू दे."

मी उठलो. आईने मला हाताने खाली बसवलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमी डेपोतून लाकूड वेळेवर नाई उचललं त काय होते?"

"जागेचं भाडं लागते."

"काऊन? लाकूड त तुमचंच."

"जागा सरकारची ना, बाई."

"तसंच. भात तुमचा. बाकडं माह्यं. आजपासून बसाचे लागतीन. कुत्र्याचे बी."

बाकड्यावरचे दुसरे व्यापारी एवढे हसले की जाड्याला उठताही येईना. त्याने स्वतःचे आणि कुत्र्याचे दिले. शिव्या देत दिले, पण दिले.

संध्याकाळी मी पाटीवर खडूने लिहिलं: बसण्याचे इतके, निजण्याचे इतके. आईने पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि त्यात एक वाढवायला लावलं: थुंकण्याचे दुप्पट. भातावर तुटून पडणारे चार दिवसांत पांगले. राहिले ते मासोळी खाणारे आणि ढेकणाला कंटाळलेले. पुढच्या लिलावाला काहींनी आधीच पोस्टकार्ड टाकून खाटा धरल्या.

ही माणसं फार सुधारली असं मी म्हणणार नाही. सुटीत त्यांच्या चादरी मीच धूत असे. तंबाखू, तेल आणि उलटीचे डाग कोणत्या गावच्या माणसाचे, हे मला वासावरून सांगता यायचं. कॉलेजात परत गेल्यावरही आठवडाभर जेवण जात नसे.

पण मुकादमाने माझ्यासाठी राखलेली जागा दुसऱ्याने घेतली. तिसऱ्या हंगामापर्यंत मांडवावर टिन चढलं, चाराच्या आठ खाटा झाल्या, आणि त्याच वर्षी मी बी. ए. पास झालो.