ओरिजिनल कुठं हाय?

"या कपाटात काय आहे?" मी विचारलं.

"कार्डं," उतेकरशेठ म्हणाले आणि लगेच कपाट उघडून दाखवलं. लपवाछपवी काही नव्हती. खालच्या खणात कामगारांची आधार कार्डं होती. प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर मार्करने नाव. शेजारी डांबरगोळ्यासुद्धा ठेवलेल्या.

पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाट सुरू होण्याआधी उतेकरांची पॅलेटची शेड आहे. पॅलेट म्हणजे फळ्या ठोकून केलेली बसकी चौकट. तिच्यावर ड्रम ठेवले की फोर्कलिफ्टला ते खालून उचलता येतात. मी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचं परचेस बघते. आमचे ड्रम नऊ वर्षं उतेकरांच्याच पॅलेटवरून बाहेर जातात.

त्या दिवशी मी गेले होते एका फॉर्मपायी. आमचे परदेशी ग्राहक दरवर्षी सप्लायरबद्दल प्रश्न विचारतात. विषय असतो आधुनिक गुलामगिरी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं. गुलाम म्हटलं की आपल्याला साखळदंड दिसतात. फॉर्ममधले प्रश्न मात्र अगदी साधे. कामगाराला हवं तेव्हा काम सोडून जाता येतं का? त्याची ओरिजिनल कागदपत्रं कुणाकडे असतात? मी सप्लायरना फोन करायचे, ते "सगळं ओके, मॅडम" म्हणायचे, मी टिक करायचे. या वेळी ग्राहकाने अट घातली की जागेवर जाऊन कामगारांशी बोला. नाइलाजाने गेले.

कामगारांशी मला एकटीला बोलायचं आहे, असं मी सांगितलं. उतेकर बाहेर जाऊन बसले. शेडमध्ये झारखंडचे चौदा जण होते. तेरा जणांनी "सब ठीक है" म्हणून मान हलवली. सुखराम नावाचा चाळिशीचा सुतार तेवढा खिळ्यांचा डबा बाजूला ठेवून समोर बसला.

"घर कब गए थे?"

"दो साल हुआ." आई अंथरुणाला खिळलेली. त्याने दोनदा सुट्टी मागितली होती. दोन्ही वेळा शेठ म्हणाले, हातातली ऑर्डर संपू दे. ती ऑर्डर बहुतेक माझीच असणार. 'अर्जंट' असं ठळक अक्षरांत मीच लिहिते.

"फिर चले क्यों नहीं गए? गेट तो खुला है."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली. "कार्ड छोड़के कहाँ जाएँगे, मैडम?"

कार्ड नसेल तर दुसरीकडे काम नाही, नवं सिम नाही. समोर हायवे दिसत होता. दहा मिनिटं चाललं की एसटी. तरी हा माणूस दोन वर्षं इथेच होता. तक्रार करायची आहे का, मदत करीन, असंही मी त्याला विचारलं. "कार्ड चाहिए, बस," तो म्हणाला.

उतेकरांना मी म्हटलं, "ही कार्डं तुम्हाला ठेवता येणार नाहीत."

"मी काय कोंडून ठेवलंय काय त्यांना? खाणंपिणं चांगलं हाय. आजारी पडला तर दवाखान्यात मी नेतो. पण कार्डं हातात दिली, तर उद्या निम्मे दिसायचे नाय. एकेकाला शिकवायला तीन तीन महिने जातात माझे."

"तरीसुद्धा, उतेकरशेठ."

ते आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, माझी पुतणी दीपाली तुमच्याकडं ट्रेनी हाय. तिचं आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट कुठं हाय?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या एचआरमध्ये. ट्रेनी रुजू झाला की ओरिजिनल जमा, दोन वर्षांनी परत. मध्येच सोडून जाऊ नये म्हणून.

"पुण्याला नोकरीसाठी बोलावलं होतं तिला. ओरिजिनल दाखवा म्हणाले. तुमच्या लोकांनी दिलं नाय. मला वाटलं, एवढी मोठी कंपनी करते म्हणजे बरोबरच असंल."

परत येताना महाड कधी आलं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजर कर्णिकसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी निम्मं ऐकलं आणि म्हणाले, "सप्लायर बदला. आजच."

"बदलला तर आपण सुटू, सर. सुखराम तिथेच राहील."

"मग काय करायचं?"

"ऑर्डर चालू ठेवू. कार्डं परत करायला पंधरा दिवस देऊ. डिलिव्हरीची मुदतही वाढवू, म्हणजे सुट्टी अडवायला त्यांना कारण उरणार नाही. आणि आपल्या ट्रेनींची सर्टिफिकेट्स आधी परत करू."

"ते वेगळं आहे. आपण त्यांना शिकवतो. त्यात वेळ जातो आपला."

"उतेकरही अगदी हेच म्हणाले, सर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एचआरला लगेच फोन केला नाही. चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत मी फॉर्म भरला नाही. फॉर्मची आठवण करून देणारा ग्राहकाचा ईमेल आला, तेव्हा तो मी काही न लिहिता साहेबांकडे पाठवला. पाचव्या दिवशी ट्रेनींना रांगेत बोलावून सर्टिफिकेट्स दिली. त्या महिन्यात तिघांनी काम सोडलं, त्यात दीपाली होती. एचआरवाले माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलत होते.

दीपालीचं सर्टिफिकेट घरी पोचल्यावर उतेकरांचा फोन आला. "या मॅडम, तुमच्यासमोर देतो." मी गेले. त्यांनी नावं वाचून एकेक पिशवी हातात दिली. सुखरामने कार्ड काढून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खिशात ठेवलं.

त्याच आठवड्यात तो गावी गेला. महिना झाला, दोन झाले, परत आला नाही. बाकीचे तेरा जण अजून तिथेच काम करतात.

"बघा, मी म्हटलं होतं ना, जातात म्हणून," उतेकर मला भेटले की ऐकवतात.

मी वाद घालत नाही. माणसाला जाता येतं की नाही, हे विचारून कळत नाही. कुणीतरी खरंच गेलं, की कळतं.