पाय राहिले

मुलांच्या हृदयाचा डॉक्टर म्हणून धुळ्यात माझे केस पांढरे झाले, आणि तेवढीच वर्षं मी नव्या डॉक्टरांना छळलं. बालरोगाचं शिक्षण संपवून ज्यांना पुढे मुलांच्या हृदयाच्या खास शिक्षणाला जायचं असतं, ते आधी वर्षभर माझ्या तावडीत सापडतात. पहिले काही महिने इकोच्या यंत्राला हात लावायचा नाही. आधी बोटं, मग कान, यंत्र शेवटी.

आमच्याकडे बाळ म्हणजे गाठोडंच. टोपरं, झबलं, दुपटं, वर आईच्या जुन्या साडीचं फडकं. ते सोडलं की बाळ भोकाड पसरतं आणि आजीचा चेहरा उतरतो. म्हणून नवा डॉक्टर छातीपाशी फट करून स्टेथोस्कोप आत सरकवतो आणि मोकळा होतो. असा कुणी सापडला की मी सगळ्यांदेखत विचारायचो, "बाळ पाय घरी ठेवून आलंय का?" हृदयातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी कुठे आवळलेली असेल, तर हाताची नाडी जोरात लागते आणि जांघेतली लागतच नाही. गाठोडं न सोडणाऱ्याला हे कळणार कसं?

गेल्या वर्षी माझ्याकडे यावलची एक मुलगी शिकायला होती. केळीवाल्या घरातली, बोलायला लाजरी. निवडीची मुलाखत तोंडावर आली होती आणि तिला माझं शिफारसपत्र हवं होतं. त्याच आठवड्यात साक्रीकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गात आम्ही मुलं तपासायला बसलो. बाजाराचा दिवस, बाहेर ही गर्दी. दोन महिन्यांचं बाळ घेऊन एक आजी समोर आली. मी दुपट्याला हात घातला तशी म्हणाली, "आत्तेच निजेल शे, डाक्टरभाऊ. उठाडू नका."

आणि मी शहाण्यानं तिचं ऐकलं. फट केली, ठोके तपासले आणि म्हणालो, "बाळ ठीक आहे. पुढचा."

शेजारी कागद लिहीत बसलेल्या मुलीचं पेन थांबलं. आजी दारापर्यंत पोचली होती. मुलगी उठून उभी राहिली.

"सर, पाय राहिले."

आमच्यासोबत आलेल्या नर्सबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण मान डोलावली. मुलीनं आजीला परत बसवलं, गाठोडं सोडलं, बाळानं शाळा डोक्यावर घेतली. तिची बोटं बराच वेळ जांघेत नाडी शोधत होती.

"लागत नाहीये, सर."

मग मी बघितलं. मलाही लागली नाही.

त्याच दुपारी आमच्याच गाडीतून बाळ धुळ्याला आणलं. इकोत आवळलेली जागा दिसली, आणि शस्त्रक्रियेसाठी त्याला मोठ्या शहरात पाठवलं. ते बाळ माझ्या 'ठीक आहे'वर घरी गेलं असतं तर हाती लागलं नसतं.

शिफारसपत्राचा माझा मजकूर ठरलेला आहे: कष्टाळू, नम्र, अभ्यासू. तो बाजूला ठेवला आणि त्या दिवशी काय घडलं ते लिहिलं, माझ्या चुकीसकट. वाचून मुलगी घाबरली. "सर, हे तिथले मोठे डॉक्टर वाचतील."

"वाचू देत. माझी विद्यार्थिनी कशी आहे ते कळू दे त्यांना."

तिची निवड झाली. माझ्याकडच्या तिच्या शेवटच्या दिवशी तीच आजी बाळाला दाखवायला आली. मला ओलांडून थेट मुलीच्या टेबलाशी गेली आणि कुणी न सांगता गाठोडं सोडलं. "पयले पाय देखी ल्या, माय."

मुलीनं खुर्ची मागे सरकवून मला जागा दिली. "सर, आधी तुम्ही."

मी बोटं ठेवली. नाडी लागली, चांगली भरदार. बाळ रडून लाल झालं होतं, आणि मला हात काढवत नव्हता.